प्रश्न एकच, माणसे निरनिराळी

आमच्या भिवंडीच्या पेढीवर ग्रे कापडाची बोलणी संपली, चहा झाला, की अलीकडे एखादा चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थ मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "सेठ, माग विकून दुसरे काही करावे का?" २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी या तीन धक्क्यांनी साध्या शटल मागाच्या छोट्या मालकाचे कंबरडे मोडले. तेव्हा हा प्रश्न येणारच.

पूर्वी आमचे उत्तर ठरलेले असे : "हिंमत करा, नवा धंदा धरा." या उत्तरापायी आम्हाला एकदा फार शरमिंदे व्हावे लागले. एकाच महिन्यात दोघे आले. दोघांचे आठ-आठ माग, दोघांवर सुताची उधारी. दोघांनीही आमचे ऐकून माग विकले. पहिल्याने शिलाईचे काम धरले आणि त्याचा जम बसला. दुसऱ्याने मोबाइलचे दुकान टाकले, पण गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलणे त्याला जमेना. वर्षभरात दुकान गेले, भांडवल गेले, आणि पुढे कित्येक महिने तो घराबाहेर पडला नाही. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कारागीर आम्ही गल्ल्यावर नेऊन बसवला होता. आम्ही प्रश्न ऐकला, माणूस पाहिला नाही.

या गोष्टीचेही शास्त्र आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्यांचे सांगणे साधे होते : आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, नंतर दोहोंचा मेळ घाला. पुढे जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी माणसांचे सहा कल सांगितले : हाता-अवजारांत रमणारा, शोध घेणारा, कलेचा शौकीन, लोकांच्या उपयोगी पडणारा, व्यापार-पुढारपण करणारा आणि हिशोब-शिस्तीचा. बहुतेकांत दोन-तीन कल मिसळलेले असतात. आमचा तो कारागीर पहिल्या कलाचा होता. आम्ही त्याला पाचव्याचे काम दिले.

जाणकार आणखी एक फरक सांगतात. एकाचा निर्णय अडतो तो माहितीपायी. यंत्राची किंमत, कर्जाची सोय, मालाचा उठाव कळला की तो कामाला लागतो. दुसऱ्याचा प्रत्येकच निर्णय अडतो. त्याला जितकी माहिती द्यावी तितकी त्याची घबराट वाढते. अशाला आठही माग विकायला सांगू नये. दोन विकून छोटी सुरुवात करू द्यावी.

आमच्या तजुर्ब्यात आणखी दोन प्रकार आले. एकाचा निर्णय घरीच झालेला असतो, त्याला फक्त कुणाची तरी 'हो' हवी असते. त्याला 'हो' देण्याआधी कागदावर हिशोब मांडायला लावावा. दुसऱ्याला वडिलांच्या हातचा कारखाना बंद पडल्याचे दुःख असते. त्याच्या लेखी धंदा नव्हे, इज्जत गेलेली असते. त्याचे आधी नीट ऐकून घ्यावे, धंद्याची गोष्ट नंतर.

वीस वर्षांच्या मुलाला चुकायला सवड असते. पंचेचाळिशीच्या माणसामागे घर, मुलांची फी आणि उधारी उभी असते. पण त्याच्या हातात वीस-पंचवीस वर्षांचे हुनरही असते. ते टाकून देऊ नये, ते कुठे लागू पडेल ते पाहावे.

तेव्हा वाचक बंधूंनो, कुणी मशवरा मागितला तर आधी चार गोष्टी विचारा. कोणत्या कामात तुमचा वेळ कळत नाही? लोकांशी बोलणे आवडते की यंत्राशी? किती नुकसान सोसवेल? घरच्यांचे म्हणणे काय? जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते, तेथेही जरूर जावे. आणि झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, तर तो मामला धंद्याचा नाही, डॉक्टरांचा आहे.

त्या कारागिराकडे आम्ही स्वतः गेलो, माफी मागितली आणि एका ओळखीच्या कारखान्यात शब्द टाकला. आज तो तेथे रेपियर मागांची दुरुस्ती करतो. त्याचे भांडवल काही परत आले नाही. एवढी किंमत दुसऱ्याने मोजल्यावर आम्ही शिकलो. तुम्ही तरी फुकट शिका.