घरबसल्या लेखणीला काम



नोकरींत नसलेल्या, परंतु लेखणीवर चार पैसे मिळवूं इच्छिणाऱ्या माणसाला काम कोठें मिळेल, हा प्रश्न आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. मी शाळामास्तर, सेवानिवृत्त होऊन कांहीं वर्षें झालीं. माझ्या तरुणपणीं औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, लेखकाची रीत ठरलेली असे. लेख सुवाच्य अक्षरांत उतरवावा, तिकीट लावलेला परतीचा लिफाफा जोडावा आणि मुंबई-पुण्याच्या संपादकांकडे टपालानें धाडावा. दोन महिन्यांनीं 'साभार परत' अशी चिठी यावयाची. काम देणारा दूर, आणि त्याची-आपली ओळख नाहीं, ही खरी अडचण होती. इंटरनेटनें त्यांतील अंतर मोडलें आहे. ओळख मात्र अजून लेखकालाच करून घ्यावी लागते.

प्रथम काम कोणतें, तें पाहूं. कथा-कविता म्हणजेच लेखन, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पैशाचें काम बहुधा निराळें असतें : इंग्रजींतून मराठींत भाषांतर, चित्रपटांतील संवादांचीं उपशीर्षकें, मुद्रितशोधन, यंत्रांचीं व औषधांचीं माहितीपत्रकें. याचें कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असणारे लोक सुमारें ८ कोटि ३० लक्ष आहेत. ज्याला पैठणच्या शेतकऱ्यास पंप विकावयाचा, त्याला मराठींत बोलावेंच लागतें.

दुसरी गोष्ट हत्याराची. पूर्वीं संगणकावरील मराठी अक्षरें निरनिराळ्या सांच्यांचीं असत; एका छापखान्यांतील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं नुसतीं अगम्य चिन्हें दिसत. युनिकोड या जागतिक संकेतानें प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. त्यामुळें येथें लिहिलेला मजकूर लंडनलाहि जसाचा तसा वाचतां येतो. म्हणून युनिकोडमध्यें टंकलेखन शिकल्यावांचून या वाटेला जाऊं नये.

आतां काम शोधण्याचीं ठिकाणें. सकाळीं चौकांत गवंडी-सुतार कामाची वाट पाहत उभे असतात, तशीच अपवर्क व फ्रीलान्सर या संकेतस्थळांची मांडणी आहे. काम देणारा आपली गरज लिहितो, कारागीर आपला दर सांगतो, आणि संकेतस्थळाचा मालक व्यवहारांतून आपली अडत कापून घेतो. ठोक मोबदल्याच्या कामांत पैसा आधीं संकेतस्थळाकडे अनामत राहतो व काम पसंत पडल्यावर लेखकाला मिळतो; अडत देण्याचा फायदा हाच. नवख्यानें 'सर्व प्रकारचें लेखन करून मिळेल' अशी पाटी लावूं नये. 'शेतीविषयक इंग्रजी मजकुराचें मराठी भाषांतर' एवढेंच लिहावें आणि दोनतीन पानांचा नमुना जोडावा. अनोळखी माणसाला नमुना हीच ओळख.

याहून सरळ वाट म्हणजे प्रकाशक, भाषांतर-संस्था व दिवाळी अंकांचे संपादक यांना नेमकें ई-पत्र लिहिणें. १९०९ सालीं का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकानें सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजहि चालू आहे. ज्याला स्वतःचें पुस्तकच काढावयाचें असेल, त्याला २०१६ पासून ॲमेझॉनच्या किंडलवर तें मराठींत प्रसिद्ध करण्याची सोय आहे.

कोणी म्हणेल, आतां यंत्रच भाषांतर करतें. खरें आहे, गूगलच्या भाषांतरयंत्रांत मराठीचा समावेश २०१३ सालींच झाला, आणि आज त्याहून चतुर यंत्रें आहेत. साध्या भाषांतराचा भाव त्यामुळें पडणारच. परंतु यंत्राचा मजकूर तपासून तो माणसाच्या बोलण्यासारखा करणें हें नवें काम निघालें आहे. ज्याचें व्याकरण पक्कें आणि कान तयार, त्यालाच तें साधेल.

शेवटीं सावधगिरीचे दोन शब्द. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें गेल्या वर्षीं एका अनोळखी इसमाला चाळीस पानें भाषांतर करून दिलें. आधीं त्यानें नोंदणीचे म्हणून दोन हजार रुपये घेतले. काम हातीं पडतांच त्याचा दूरध्वनि बंद झाला. ती माझ्याकडे आली तेव्हां रडली नाहीं, "सर, माझें मराठी वाईट होतें का?" एवढेंच तिनें विचारलें. तिचें मराठी उत्तम होतें. व्यवहार तेवढा कच्चा होता.

म्हणून सांगतों : काम देण्यापूर्वीं जो पैसे मागतो, तो ठक समजावा. मोठ्या कामाचा कांहीं हिस्सा आगाऊ घ्यावा. दर, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळां, हें लेखी ठरवावें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें लेखनाचा हक्क दुसऱ्याला देणें हें लेखी व सहीनिशीं असावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नसेल, तर तो हक्क पांच वर्षांपुरताच दिला असें समजतात. कागद वाचल्याशिवाय सही करूं नये. आणि पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून घरीं न बसतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. उशीर होईल तसा पैसा हातचा जातो.

त्या मुलीनें पुढें तीन प्रकाशकांना नमुना पाठविला. एकाचा नकार आला, दुसऱ्याचें उत्तरच नाहीं. तिसऱ्यानें दहा पानें चाचणीसाठीं दिलीं, आणि त्यांचे पैसे चुकते केले. रक्कम लहान होती. पण या खेपेस दर आधीं लिहून घेतलेला होता, तो कागद तिनें मला मुद्दाम आणून दाखविला.