वाळीत टाकण्याची मर्यादा : सायबर-हल्ले आणि शासकीय निर्बंध

मराठीत ज्याला ‘वाळीत टाकणे’ म्हणतात आणि मैलापूरचा तमिळभाषक ज्याला ‘ऊरैविट्टु ओदुक्किवैत्तल’ म्हणतो, त्या सामाजिक शिक्षेचे आंतरराष्ट्रीय रूप म्हणजे निर्बंध होय. या शिक्षेचे बळ शिक्षा देणाऱ्याच्या अधिकारापेक्षा ती भोगणाऱ्याच्या गरजेवर अधिक अवलंबून असते. ज्याला गावची विहीर आणि सोयरीक हवी असते, तोच वाळीला भितो. सायबर-हल्ल्यांविरुद्धच्या निर्बंधांची परिणामकारकता तपासताना हे सूत्र ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. त्यांपैकी बहुतांश रक्कम बनावट कार्डांच्या साहाय्याने परदेशांतील एटीएम यंत्रांतून निघाली, तर सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या वित्तखात्याने ‘लाझारस’ आणि तिच्या दोन उपगटांवर निर्बंध घातले. परंतु जो देश आधीच वाळीत आहे, त्याला पुन्हा वाळीत टाकून काय साधणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बायबिट’ या आभासी चलनाच्या बाजारपेढीतून सुमारे १५० कोटी डॉलर चोरीस गेले, आणि अमेरिकी तपासयंत्रणेने पुन्हा उत्तर कोरियाकडेच बोट दाखविले.

तथापि, निर्बंध सर्वस्वी व्यर्थ ठरतात असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. चोरीचे धन वापरण्याजोगे करण्यास मध्यस्थ लागतो, आणि बहुतेक मध्यस्थांना गावातच राहावयाचे असते. म्हणूनच आभासी चलनाचा माग पुसून देणाऱ्या ‘ब्लेंडर’वर मे २०२२ मध्ये आणि ‘सिंदबाद’वर नोव्हेंबर २०२३ मध्ये घातलेले निर्बंध अधिक मर्मभेदी होते. मात्र एक मध्यस्थ हटला की दुसरा उभा राहतो. त्यामुळे पहारा अखंड असावा लागतो. रशियाच्या नकाराधिकारामुळे एप्रिल २०२४ अखेर उपर्युक्त तज्ज्ञमंडळच संपुष्टात आले, ही हानी त्यामुळेच मोठी आहे.

कॉसमॉस प्रकरणी एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले, ते सामान्य फौजदारी मार्गाने. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे ७५ वे कलम भारताबाहेरील गुन्ह्यांनाही लागू होते. परंतु आरोपी हाती आल्यावाचून कलमाला धार येत नाही. सूत्रधारापर्यंत न्यायालयाचा हात पोहोचत नाही, तेथे निर्बंध उरतो. तो चोराला क्वचितच रोखतो. चोराला आसरा देणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावयास लावू शकतो.