तडजोड करा, पण सही कशावर करता ते पाहा



उसाच्या बिलातून चार पैसे शिल्लक राहिले की पुष्कळजण नोकरीला असलेल्या मुलासाठी ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला खोली बघतात. इसार देतात, करारपत्र करतात. बहुतेकांचे सुरळीत पार पडते. काहींचे बिनसते. मग खोलीच्या ताब्याचा दावा मिळकत जिथे, तिथल्या कोर्टात लावावा लागतो. डोंबिवलीच्या खोलीसाठी कल्याणच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. तारखेला गाडीभाडे, इकडे तोडणी अंगावर. अशा वेळी विकणारा म्हणतो, "तुमचे पैसे देतो, दावा काढून घ्या." माणूस कंटाळलेला असतो, सही करून मोकळा होतो. घात तिथेच होतो.

सहीचा कागद दोन प्रकारचा असतो.

पहिला म्हणजे दावा काढून घेतल्याची साधी पुरसिस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ प्रमाणे पुन्हा दावा लावण्याची परवानगी कोर्टाकडून घेतलेली नसेल, तर त्याच मागणीसाठी त्याच माणसावर परत दावा चालत नाही. परवानगी मिळाली तरी मुदत वाढत नाही. पहिला दावा लावलाच नव्हता असे धरून ती मोजतात. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे. ती तारखा करण्यातच निघून जाते. आणि "पैसे देतो" हे बोलणे पुरसिसीत नसेल, तर कोर्टाच्या लेखी ते झालेच नाही.

दुसरा म्हणजे तडजोडनामा, नियम ३ खालचा. १९७७ पासून तो लेखी व पक्षकारांच्या सहीचा लागतो. रक्कम किती, कोणत्या तारखेला, न दिल्यास व्याज काय, हे त्यात लिहितात. कोर्टाची खात्री पटली की त्याप्रमाणे हुकूमनामा होतो. समोरच्याने शब्द फिरवला तर नवा दावा नको. बारा वर्षांच्या आत दरखास्त देऊन वसुली करता येते. लोकअदालतीत मिटले तरी तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, शिवाय भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आता तिघाचौघांनी मिळून दावा लावला असेल तर? एकाला परस्पर अंग काढून घेता येत नाही. बाकीच्या वादींची संमती लागते. त्यांना अंधारात ठेवून केलेली सही भांडणच वाढवते. वादी अज्ञान असेल तर पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही.

आणखी एक. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. फसवून सही घेतली अशी तक्रार असली तरी वेगळा दावा चालत नाही. त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे स्पष्ट केले आहे.

म्हणून सही करण्याआधी कागद घरी आणा, लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, वकिलाला एवढेच विचारा: "ही पुरसिस की तडजोडनामा? रक्कम यात लिहिली आहे का?" बेणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याला कागद पारखणे जड नाही.

— ऊस विकास अधिकारी