चर्चमधील मुलांचें रक्षण

जळगांव व धुळें जिल्ह्यांत ख्रिस्ती मंडळ्या संख्येनें लहान आहेत. परंतु शाळा, वसतिगृहें व दवाखाने यांमुळें त्यांचा संबंध मंडळीबाहेरच्याही पुष्कळ घरांशीं येतो. सातपुड्याच्या पायथ्याचें एखादें भिल्ल वा पावरा मूल वसतिगृहांत राहतें, आईबाप ऊसतोडीला दूर गेलेले असतात. त्याला विचारणारें मोठें माणूस काय तें तेथलेंच.

मुलांचा गैरफायदा घेणारा मनुष्य परका व दांडगा असतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षांत तो बहुधा ओळखीचा व विश्वासांतला असतो. प्रथम लाड, मग खाऊ, मग ‘हें आपल्या दोघांतच राहूं दे’ ही बोली. या पायऱ्या सर्वच संस्थांत सारख्या. धर्मगृहांत त्याला आणखी एक आधार मिळतो. हा माणूस देवाच्या वतीनें बोलतो असें मुलाला शिकविलेलें असतें. त्याच्याविरुद्ध तक्रार म्हणजे देवाविरुद्ध तक्रार, असें तें समजतें. घरचीं माणसेंही ‘फादरांविषयीं असें बोलूं नये’ म्हणून त्याला गप्प करतात.

गप्प बसण्याची ही किंमत खानदेशाला ठाऊक आहे. 1994 सालीं जळगांवांत उघडकीस आलेल्या प्रकरणाचा चर्चशीं कांहीं संबंध नव्हता. मुलींना जाळ्यांत ओढून, छायाचित्रांचा धाक घालून त्यांचा छळ करण्यांत आला होता. तपासाला अरविंद इनामदार व मीरा बोरवणकर यांसारखे अधिकारी लाभले. तरीही अब्रूच्या भीतीनें पुष्कळ मुलींनीं व त्यांच्या आईबापांनीं तोंड उघडलेंच नाहीं, आणि आरोपींपैकीं अनेक जण सुटले.

चर्चमधील उदाहरण मुंबईच्या गोवंडी भागांतलें आहे. 2015 सालीं तेथील 13 वर्षांच्या एका मुलानें धर्मगुरूनें केलेला अत्याचार घरीं सांगितला. आपण प्रथम वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती, असें त्याच्या आईनें पुढें सांगितलें. शेवटीं पोलिसांकडे जावें लागलें, आणि डिसेंबर 2021 मध्यें विशेष न्यायालयानें त्या धर्मगुरूस जन्मठेप दिली.

ही शिक्षा ज्या कायद्यामुळें शक्य झाली तो ‘पॉक्सो’ कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलांत आहे. 18 वर्षांखालील मुलगे व मुली दोघेही त्याच्या कक्षेंत येतात. धार्मिक संस्थेच्या चालकानें वा नोकरानें तेथील मुलावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. पण सामान्य गृहस्थानें लक्षांत ठेवावें असें कलम 19 वें आहे. गुन्हा झाल्याचें, किंवा होण्याचा संभव असल्याचें, ज्याला कळलें त्यानें पोलिसांना खबर दिलीच पाहिजे. पुरावा गोळा करणें हें त्याचें काम नव्हे. सद्हेतूनें दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर खटला होत नाहीं. न दिल्यास 6 महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखानें हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास 1 वर्षापर्यंत कैद होऊं शकते. धर्मगुरूला यांतून वगळलेलें नाहीं.

हें कलम नुसतें कागदावरचें नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथें वसतिगृहांतील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचें प्रकरण 2019 सालीं बाहेर आलें, तेव्हां खबर न दिल्याबद्दल एका डॉक्टरवरही गुन्हा नोंदविला गेला. उच्च न्यायालयानें तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानें 2 नोव्हेंबर 2022 रोजीं तो निर्णय फिरविला.

‘आधीं आपल्यांतच चौकशी करूं’ ही चर्चमधील जुनी सवय. धुळें व जळगांव ज्यांत मोडतात त्या नाशिक धर्मप्रांतासारख्या सर्व कॅथॉलिक प्रांतांना पोप फ्रान्सिस यांनीं 2019 सालीं नियम घालून दिला कीं, तक्रार घेण्याची उघड व्यवस्था हवी. आणि त्यामुळें देशाच्या कायद्यानें सांगितलेली खबर टळत नाहीं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हा नियम लागू नाहीं. त्यांना आपले नियम आपणच करावे लागतात, आणि लहान मंडळींत, जेथें पास्टर, खजिनदार व वॉर्डन एकमेकांचे सोयरे असतात, तेथें हें अवघड जातें. अशा ठिकाणीं तक्रार ऐकणारी व्यक्ति मंडळीबाहेरची असलेली बरी.

खबर ही घडून गेल्यानंतरची गोष्ट झाली. त्याआधींचे उपाय साधे आहेत. रविवारच्या शाळेंत किंवा प्रवासांत एकट्या मोठ्या माणसानें एकट्या मुलाला घेऊन बसूं नये. दोघे मोठे असावेत, दार उघडें असावें. वॉर्डन, स्वयंपाकी, गाडीवान, सर्वांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. मुलें ठेवणाऱ्या संस्थांना 2020 च्या नियमांनीं ती सक्तीचीच केली आहे. 1098 हा बालसाहाय्याचा दूरध्वनि क्रमांक मुलांना वाचतां येईल अशा जागीं भिंतीवर लिहावा. कचेरींतल्या कपाटाआड नव्हे.

मतिमंद, अंथरुणाला खिळलेले, सर्वस्वीं दुसऱ्यावर अवलंबून असलेले प्रौढ यांची स्थिति मुलांसारखीच असते, पण त्यांना पॉक्सोचें छत्र नाहीं. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असल्याचा संशय आल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वयें कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवूं शकतो.

आईबापांना सर्वांत मोठी धास्ती असते ती पोलिस ठाण्याची. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा तें म्हणेल तेथें, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावयाचा असतो, आणि त्या वेळीं गणवेश घालावयाचा नसतो. मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. त्याचें नांव, शाळा वा घर वर्तमानपत्रांत येऊं देणें हाही गुन्हा आहे.