मूलपेशी आणि रुग्णाचे वय

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग बहुधा उतारवयात गाठतो. त्यावर मेल्फालान हे औषध मोठ्या मात्रेत देतात. पण त्याने निरोगी मज्जाही नष्ट होते. म्हणून रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून गोठवतात व मागाहून शिरेवाटे परत देतात. चार-पाच दिवस इंजेक्शने दिली, की या पेशी मज्जेतून रक्तात उतरतात. यंत्र त्या वेचून घेते. दर किलो वजनामागे निदान २० लाख पेशी हव्यात. वयोमानाने हा साठा आटतो, हे खरे. परंतु निव्वळ जन्मतारीख पाहून सत्तरीच्या रुग्णाला परत पाठवणे गैर. लेनालिडोमाइड दीर्घकाळ घेतल्यानेही पेशी कमी मिळतात. तेव्हा संकलन लवकर उरकलेले बरे. पहिल्या खेपेस पेशी अपुऱ्या पडल्या, तर अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळालेले प्लेरिक्साफॉर कित्येकदा कामी येते.