नवी निळी शाई कशी पारखावी?

शाईच्या पेनाने लिहिणारे कमी झाले असले, तरी शाईचे प्रकार मात्र वाढत चालले आहेत. अनेक कंपन्या ठरावीक काळापुरती एखादी खास शाई काढतात. जर्मनीच्या पेलिकन कंपनीचे उदाहरण घ्या. तिच्या ‘एडेलश्टाइन’ मालिकेत २०१२ पासून दरवर्षी एखाद्या रत्नाच्या किंवा खनिजाच्या नावाची शाई निघते. २०१६ ची ‘ॲक्वामरीन’ आणि २०२२ ची ‘ॲपटाइट’ या त्यांतल्या निळसर शाया. अशा शायांपैकी काही पुढे नेहमीच्या विक्रीत येतात; बाकीच्या संपल्या की संपल्या.

‘मर्यादित आवृत्ती’ असे लिहिलेली निळ्या शाईची बाटली भेट मिळाली, की कोणीही आधी रंग पाहतो. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या शाईने काय लिहायचे? घरी पत्र, रोजची वही, की परीक्षेची उत्तरपत्रिका? शाई कोणत्या कामाला टिकेल हे बाटलीवरच्या नावावरून कळत नाही. ते तपासावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळा नको. दोन पेने, एक कागद आणि थोडा धीर पुरतो.

निळ्या रंगाचे रसायन

पेनाची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात विरघळलेला रंग, निब चटकन वाळू नये म्हणून ओलावा धरणारा पदार्थ, प्रवाह सुधारणारा पदार्थ आणि बुरशी रोखणारे औषध असते. रंग पाण्यात विरघळलेला असल्याने शाई निबच्या बारीक फटीतून केशाकर्षणाने सहज खाली येते. पण त्याच कारणाने अशी बहुतेक अक्षरे पाणी लागताच पुन्हा विरघळू लागतात.

शाळेत चालणारी नेहमीची रॉयल ब्लू शाई याच जातीची. तिचा डाग धुण्याने बराचसा निघतो, म्हणून पांढऱ्या गणवेशाला ती त्यातल्या त्यात सुरक्षित. तिचा रंग सल्फाइटसारख्या रसायनाने नाहीसाही होतो. रंगाच्या रेणूची रचना बदलते आणि अक्षर दिसेनासे होते. जर्मनीतील शाळकरी मुले चुका खोडण्यासाठी असेच रसायन भरलेले पेन वापरतात. त्याच्या दुसऱ्या टोकाला न खोडली जाणारी निळी शाई असते, कारण खोडलेल्या जागी रॉयल ब्लू पुन्हा उमटत नाही. वहीत ही सोय आहे. नोंदवहीत किंवा प्रमाणपत्रावर हाच धोका आहे.

दुसरी जात ब्लू-ब्लॅकची. जुन्या पद्धतीच्या ब्लू-ब्लॅक शाईत लोहाचा क्षार आणि वनस्पतीतले टॅनिन असते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. युरोपात त्यासाठी मायफळ वापरत. अशी शाई लिहिताना फिकट असते, म्हणून तिच्यात निळा रंग मिसळतात. पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोहाचे संयुग कागदाच्या तंतूंतच काळे पडते आणि पाण्यात विरघळत नाही. इंग्लंडमधल्या विवाह नोंदवह्यांसाठी अशी शाई दीर्घकाळ वापरली गेली. मात्र ती आम्लयुक्त असते. पेनात वाळू दिली, तर निब आणि फीड दोन्ही खराब होतात. शिवाय आज ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोह असतेच असे नाही. म्हणून नावावर विसंबू नये.

तयारी

प्रयोगाचा नियम विज्ञानाच्या तासाचाच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नव्या शाईशेजारी तुलनेसाठी रोजची शाई हवीच. दोन्ही शाया सारख्या जाडीच्या निबच्या, स्वच्छ धुतलेल्या पेनांत भरा. जाड निब जास्त शाई सोडते, त्यामुळे एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक निब असेल तर निकालाला अर्थ उरत नाही. कागद तोच घ्या, ज्यावर पुढे लिहायचे आहे. आजोबांचे जपून ठेवलेले पेन या कामाला काढू नका. साधे पेन घ्या. दोन शाया कधीही मिसळू नका. त्यांची आम्लता वेगळी असेल तर गाळ धरून पेन तुंबू शकते.

सहा कसोट्या

१. प्रवाह. पानभर सलग लिहा. अक्षर मध्येच तुटते का? शाई गरजेपेक्षा जास्त येते का?

२. वाळणे. एकाच जाडीच्या रेघा ओढा आणि ५, १०, २० व ३० सेकंदांनी प्रत्येकीवरून बोट फिरवा. ही अडचण जुनी आहे. पार्करने १९३१ मध्ये आणलेल्या ‘क्विंक’ शाईच्या नावातच लवकर वाळण्याचे वचन होते. देवनागरीत तर ही कसोटी अधिक महत्त्वाची. शब्द किंवा ओळ पुरी झाल्यावर शिरोरेषा देणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून परत फिरतो. म्हणून चाचणीची ओळ मराठीत, शिरोरेषेसह लिहा. डावखुऱ्यांनी हा निकाल अधिक काटेकोरपणे पाहावा.

३. फुटणे. ‘राष्ट्र’, ‘शिक्षण’, ‘कृष्ण’ असे शब्द बारीक अक्षरात लिहा. कागदावर शाई फुटत असेल तर जोडाक्षरांतली पोकळी आधी भरून जाते. मग पान उलटून पाहा. मागे अक्षरे उमटली असतील, तर त्या कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिता येणार नाही.

४. पाणी. लिहिलेले तासभर वाळू द्या, त्यावर पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने टीपकागदाने टिपा. खाली वाचता येण्याजोगी रेघ उरते की नुसता निळा डाग, ते पाहा.

५. ऊन. लिहिलेल्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि ती तीन-चार आठवडे खिडकीत ठेवा. रॉयल ब्लूसारख्या शाया उन्हात स्पष्टपणे फिकटतात. नवी शाई त्या मानाने कशी आहे ते झाकलेल्या भागाशी ताडून कळते.

६. सकाळ आणि सफाई. टोपण लावून पेन रात्रभर ठेवा. सकाळी पहिल्या रेघेलाच लिहिते का? शेवटी साध्या पाण्याने पेन धुवा. पाणी नितळ यायला किती वेळा भरावे-ओतावे लागले ते मोजा. गडद शाया पारदर्शक पेनात डाग धरून बसतात, आणि चमकीचे कण असलेल्या शाया फीडमध्ये साचतात.

दिसणे आणि टिकणे

खास निळ्या शायांचे मोठे आकर्षण म्हणजे लाल झळाळी. निळ्या अक्षरावर तिरप्या प्रकाशात तांबूस चमक दिसते. याचे कारण असे की रंगाचे प्रमाण जास्त असलेली शाई गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या कागदात मुरत नाही. वाळताना तिचा थर पृष्ठभागावरच राहतो आणि तो लाल प्रकाश परावर्तित करतो. पण पृष्ठभागावर राहिलेला हाच रंग घामट बोटाने, कधीकधी काही दिवसांनीसुद्धा, पुसला जातो. शोषणाऱ्या साध्या कागदावर ती झळाळी बहुधा दिसतच नाही. म्हणजे जी गोष्ट पाहून शाई घेतली, ती वहीत मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथे अक्षर सांभाळावे लागते.

म्हणून कोणतीही शाई सरसकट चांगली किंवा वाईट ठरवू नये. ती कामाप्रमाणे ठरवावी. झळाळीची शाई घरच्या पत्राला आणि शुभेच्छापत्राला शोभते. उशिरा वाळणारी शाई परीक्षेला नको. तिथे वेळ कमी, हात घामट आणि पाने भराभर उलटायची असतात. परीक्षेच्या सूचनांत शाईच्या रंगाबद्दल काय म्हटले आहे तेही आधी वाचावे. कायम ठेवायच्या नोंदीसाठी पाण्याच्या आणि उन्हाच्या कसोटीत उतरलेलीच शाई घ्यावी.

मर्यादित आवृत्तीची आणखी एक बाजू आहे: ती पुन्हा मिळेलच असे नाही. १९९० च्या दशकातली पार्करची ‘पेनमन सफायर’ बंद झाली, आणि शौकीन आजही तिच्या जुन्या बाटल्या शोधत असतात. वर्षभर चालणाऱ्या वहीला आणि सरावाच्या हाताला कोपऱ्यावरच्या दुकानात हमखास मिळणारी शाई बरी. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेला आणि पुढे ‘कॅमलिन’ झालेला उद्योग, किंवा १९३४ मध्ये बंगालमध्ये राजशाही येथे सुरू झालेली ‘सुलेखा’ यांचा आरंभ शाईपासूनच झाला. देशातल्या मुलांना रोजची शाई देशातच मिळावी, हा त्यामागचा स्वदेशीचा विचार होता.

चाचणीचा कागद टाकून देऊ नका. त्यावर तारीख, पेन, निब, कागद आणि शाईचे नाव लिहून तो फाइलला लावा. पुढच्या वेळी कोणी नवी बाटली आणली, की वाद घालण्याऐवजी तो कागद पुढे करता येईल. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणती शाई भरायची, हेही त्यावरूनच ठरेल.