मालवाहू गाडीतला माणूस

२० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावनजीक समृद्धी महामार्गाच्या कामावर लोखंडी सळया घेऊन निघालेला टिप्पर उलटला आणि त्यातूनच कामावर चाललेले तेरा मजूर, बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले, प्राणांस मुकले. अशा दुर्घटनेनंतर शासन जे साहाय्य जाहीर करते ती दयेची रक्कम होय. कायद्याने देय असलेली भरपाई निराळी. ती मागावी लागते, सिद्ध करावी लागते, आणि तिचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या दारातून जातो.

खामगावच्या न्यायालयात वकिलांच्या मेजाशी बसून हे काम पाहताना ध्यानी येते की दाव्याचा पाया तेथे घातला जात नाही. अपघातानंतरच्या पहिल्या काही घटकांत रस्त्यावरच तो घातला गेलेला असतो. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाचे नोंदणीपत्र, विमापत्र, चालकाचा परवाना हे कागद वकील एकेक करून पुढ्यात मांडतात, आणि मग ज्या प्रश्नावर पुष्कळदा सगळा दावा तोलला जातो तो विचारतात: मयत इसम त्या गाडीत कोण म्हणून बसला होता?

हा प्रश्न निष्ठुर वाटतो, परंतु विमा कंपनीचा पहिला आक्षेप तोच असतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी अनिवार्य विम्यावर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरविले आहे. मालासोबत जाणारा मालधनी वा त्याचा प्रतिनिधी आणि वाहनमालकाच्या चाकरीतील माणूस यांची स्थिती मात्र वेगळी. म्हणून टिप्पर कोणाच्या नावावर, मजूर कोणाच्या हजेरीपटावर, आणि मुकादमाने त्यांना गाडीत कोणाच्या हुकमाने बसविले, याची जबानी पहिल्याच तपासात नोंदली गेली नाही, तर पुढे उलटतपासणीत तोच मजूर ‘फुकट प्रवासी’ ठरू लागतो. कामावर असताना मृत्यू आल्यास कामगार भरपाईच्या कायद्याचीही वाट असते. मात्र दोन्ही कायद्यांखाली भरपाईस पात्र असलेल्या वारसांना त्यांपैकी एकच वाट धरता येते.

रक्कम ठरविण्याचे गणित सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांनी नेमून दिले आहे. बत्तीस वर्षांच्या, दरमहा दहा हजार मिळविणाऱ्या मजुराच्या मागे पत्नी, दोन मुले व आई असतील, तर भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवून चौदा हजार, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चतुर्थांश वजा जाता साडेदहा हजार, वर्षाचे एक लाख सव्वीस हजार, आणि वयानुसार सोळाने गुणिता वीस लाख सोळा हजार होतात. अंत्यविधी, संपदाहानी व सहवासहानी यांची रक्कम निराळी. परंतु ते दहा हजार सिद्ध कसे करावयाचे? ज्याची मजुरी मुकादमाच्या वहीत पेन्सिलीने लिहिली जाते त्याच्या मिळकतीचा दाखला कोण देणार? पुरावा नसला की न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते, आणि तो कमी धरला गेला की भरपाईतील तूट कित्येक पटींनी वाढते.

मुदतीचेही भान हवे. १ एप्रिल २०२२ पासून दाव्यास सहा महिन्यांची मर्यादा आली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला तरी विलंब न करणेच हिताचे. दावा अपघातस्थळाच्या, तसाच अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढेही दाखल करता येतो. त्यामुळे परप्रांतातील विधवेला प्रत्येक तारखेस बुलढाण्यास यावे लागत नाही, पण ही गोष्ट तिला सांगणारे कोणी हवे. मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गावर ठोकरून पळून गेलेल्या ट्रकचा ठाव लागला नाही तरी वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे.

माझे म्हणणे इतकेच की कायदा मजुराच्या श्रमाचे मोल मान्य करतो, परंतु त्या श्रमाची नोंद ठेवण्याचे ओझे आपण त्याच्या वारसांवर टाकले आहे. हजेरीपट नीट ठेवणे हे ठेकेदाराचे, आणि गाडीतील प्रत्येकाचा दर्जा पंचनाम्याच्या वेळीच लिहून घेणे हे पोलिसांचे कर्तव्य होय. ही दोन कर्तव्ये कसोशीने पाळली गेली, तर न्यायालयातील निम्मा झगडा उभाच राहणार नाही.